पगारकपात आधी कुणाची? वेर्ण्यातून एक प्रश्न

शिफ्ट बी

आमच्या कंपनीने वर्षभरासाठी १५ टक्के पगारकपात मागितली आहे. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतली मध्यम फॅक्टरी, कायम कामगार दोनशेच्या आसपास, बाकी कंत्राटी. कंपनीचं नाव लिहीत नाही. कुणी ओळखलं तरी कृपया इथे लिहू नये.

दोन मोठी गिऱ्हाइकं गेली हे खरं आहे. डिस्पॅचला उभं राहिलं की दिसतंच. पूर्वी संध्याकाळी गाड्यांची रांग गेटबाहेर जायची, आता एक गाडी भरायला माल पुरत नाही. संकट खोटं आहे असं आमच्यातलं कुणीच म्हणत नाही.

खुपतंय ते नोटिशीतलं. कामगारांची कपात टक्क्यांत दिली आहे, स्टाफची टक्क्यांत दिली आहे. संचालकांसाठी एवढंच, की वरिष्ठ व्यवस्थापनही योग्य तो त्याग करील. योग्य तो म्हणजे किती, असं युनियनने विचारलं तर ती बाब गोपनीय आहे म्हणाले. माझा बेसिक म्हणजे मूळ पगार किती, डीए म्हणजे महागाई भत्ता किती, कर्जाचा हप्ता किती कापला जातो, हे टाइम ऑफिसातल्या पोरालाही ठाऊक आहे. आणि ज्यांच्या निर्णयांनी कंपनी इथवर आली त्यांचा आकडा मात्र गोपनीय.

तीन वर्षांपूर्वी धंदा जोरात होता. रविवारी ओव्हरटाइम, चवथीलाही लाइन बंद नव्हती. त्या वर्षी आम्ही वाढीव बोनस मागितला तेव्हा कंपनीने कायद्याचा आकडा दाखवला. आता तोटा आला तर साहेब म्हणतात आपण सगळे एका घरातले आहोत.

माझं म्हणणं सांगतो. कंपनी टिकावी म्हणून झीज सोसायला मी तयार आहे आणि माझ्यासारखे बरेच आहेत. पण कपात वरून सुरू व्हावी, आकड्यात व्हावी, लेखी व्हावी आणि दिवस पालटले की पैसे परत मिळावेत. रविवारी आमच्या युनियनची जनरल बॉडी, म्हणजे सर्वसाधारण सभा आहे. काय काय मागावं, कुठे फसण्याची शक्यता आहे, जाणकारांनी सांगावं.

ताळेबंद

शिफ्ट बी, मी मडगावात हिशेबाचंच काम करतो. पहिला प्रश्न : कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे का? असेल तर गोपनीय वगैरे काही नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १९७ प्रमाणे प्रत्येक संचालकाचा मोबदला मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, हे संचालक मंडळाच्या अहवालात छापावंच लागतं. कुणाचा पगार वर्षात किती टक्के वाढला तेही. वार्षिक अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, शेवटच्या परिशिष्टांत शोधा.

नोंदलेली नसेल तर तो गुणोत्तराचा तक्ता मिळणार नाही, पण ताळेबंद मिळेल. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून कुठल्याही कंपनीने दाखल केलेली कागदपत्रं पाहता येतात.

आणि उघडलंत की नुसता संचालकांचा पगार पाहून थांबू नका. खाली टिपांमध्ये 'रिलेटेड पार्टी' म्हणून तक्ता असतो. संचालकांचे किंवा त्यांच्या घरच्यांचे कंपनीशी असलेले व्यवहार त्यात असतात. फॅक्टरीची शेड घरच्याच कुणाच्या नावावर आणि तिचं भाडं कंपनी भरते. संचालकाने दिलेल्या कर्जावर त्याला व्याज. दुसऱ्या घरच्या कंपनीला 'व्यवस्थापन शुल्क'. मी असे ताळेबंद पाहिलेत जिथे मालकाने वर्षभर पगारच घेतला नाही, सगळ्यांनी वाहवा केली, आणि त्याच वर्षी शेडचं भाडं वाढलं होतं. त्यामुळे 'संचालक अमुक टक्के कमी घेतील' एवढ्यावर मान हलवू नका. पगार, कमिशन, भाडं, व्याज, लाभांश, सगळं धरून विचारा.

सांखळीचा टिप्परवाला

मी खाणीवरचा. कंपनीत नोकरी नव्हती, स्वतःचा टिप्पर होता, त्यामुळे माझं दुखणं थोडं वेगळं आहे. तरी लिहितो.

२०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज गेलं. चीनला काहीही चालत होतं, पूर्वी टाकून दिलेला हलका मालसुद्धा. रात्रंदिवस रस्त्यावर टिप्पर. सांखळी, डिचोली, कुडचडे, सावर्डे, सगळीकडे धुळीने झाडांची पानं लाल. त्या काळात ज्यांनी किती कमावलं ते त्यांचं त्यांना माहीत. आम्हाला फेरीमागे दर होता तोच, डिझेल वाढलं की भांडून थोडा वाढायचा.

मग २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ ला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. सुरू होतंय न होतंय तोच ७ फेब्रुवारी २०१८ चा निकाल, ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द, आणि १६ मार्चपासून पुन्हा बंद. निकाल का लागला त्यात मी शिरत नाही. कायदा मोडला होता, तो आम्ही मोडला नव्हता.

पण बंदची झळ कुणाला बसली ते डोळ्यांनी पाहिलंय. बँकेचा हप्ता थकला तो टिप्परवाल्याचा. गॅरेज बंद पडलं, टायरचं दुकान बंद पडलं, खाणीच्या रस्त्यावर चहा-भजी विकणाऱ्या बाईची चूल थंड झाली. कामगारांना आधी घरी बसवलं, मग अर्धा पगार, मग हिशेब. वर बसलेल्यांपैकी कुणाचा बंगला विकायला निघाल्याचं आमच्या भागात तरी ऐकलं नाही.

शिफ्ट बी, तुम्ही त्या तीन वर्षांपूर्वीच्या बोनसचं लिहिलंत ना, ते सोडू नका. तोटा वाटून घ्या म्हणणाऱ्याने नफा कसा वाटला होता ते आधी सांगावं.

एचआरवाली

माझी बाजू न पटणारी असेल, तरी मांडते. मी दुसऱ्याच वसाहतीतल्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे.

समजा तुमच्या कंपनीचा पगारखर्च वर्षाला १० कोटी आहे आणि खड्डा दोन कोटींचा. चार संचालकांचे मिळून दीड कोटी धरू. त्यांनी निम्मं सोडलं तरी पाऊण कोटी. उरलेलं कुठून आणायचं? संचालकांनी सगळंच सोडलं तरी खड्डा भरत नाही. शेवटी कामगारांकडे यावं लागतं, नाहीतर पन्नास माणसं कमी करावी लागतात. अशा बैठकांत मी बसले आहे. यादीत कुणाचं नाव घालायचं हे ठरवताना ज्याची मुलगी पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंगला आहे त्याच्या नावावर पेन थबकतं. कपात त्या यादीपेक्षा बरी, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, वरच्यांचा पगार फार कापला तर जे हुशार आहेत, ज्यांना बाहेर मागणी आहे, तेच आधी जातात. मग बुडती कंपनी सावरायला कोण उरणार?

शिफ्ट बी

एचआरवाली ताई, प्रामाणिकपणे लिहिलंत, आभार. तुमचा हिशेब मान्य आहे. वरच्यांनी सोडलेल्या पैशाने खड्डा भरणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण माझ्या हेल्परचं उदाहरण घ्या. त्याच्या हातात २२,००० येतात. १५ टक्के गेले की ३,३०० गेले. ते त्याचं घरभाड्यातलं तुटणार, नाहीतर आईच्या गोळ्यांतलं. महिना सहा लाख घेणाऱ्याचे १५ टक्के गेले तर ९०,००० जातात आणि ५,१०,००० उरतात. टक्केवारी सारखी असली तरी झीज सारखी नाही. त्या हेल्परला समोर बसवून मी सही कर म्हणणार, तेव्हा तो विचारणार, साहेबांनी किती सोडले? त्याला आकडा सांगता आला पाहिजे.

आणि हुशार माणसं जातील म्हणता, तर तीस वर्षांचा अनुभव असलेला आमचा फिटरही हुशारच आहे. तो मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग गेलं ते सांगतो. त्याला बाहेर मागणी नाही ती त्याच्या वयामुळे. कपातीला त्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याच्याकडे आधी जायचं का?

पर्वरीकर

जगात हे नीट केल्याची उदाहरणं आहेत.

अमेरिकेत सेंट लुईसची बॅरी-वेमिलर नावाची यंत्रं बनवणारी कंपनी. २००९ च्या मंदीत ऑर्डरी आटल्या. माणसं काढण्याऐवजी त्यांनी ठरवलं की मालकापासून झाडूवाल्यापर्यंत प्रत्येकाने चार आठवडे बिनपगारी रजा घ्यायची. प्रमुख बॉब चॅपमन यांनी स्वतःचा पगार वर्षाला १०,५०० डॉलरवर आणला. पुढे झालं असं की ज्यांना झेपत होतं त्यांनी सहकाऱ्यांच्या वाट्याचे आठवडे आपल्याकडे घेतले. निवृत्तीनिधीतला कंपनीचा हिस्सा त्या काळात थांबवला होता, तोही नंतर भरून दिला.

जपानमध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्टेन्डोचे प्रमुख सातोरू इवाता यांनी २०१४ मध्ये विक्री पडल्यावर पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला, इतर संचालकांचा २० ते ३० टक्के. जर्मनीत फोक्सवॅगनने १९९४ पासून आठवडा चार दिवसांचा, २८.८ तासांचा केला. पगार कमी झाला, पण सुमारे ३०,००० नोकऱ्या वाचल्या. तिथे मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसतात, १९७६ चा कायदाच आहे. त्यामुळे ताळेबंद गोपनीय आहे असं त्यांना कुणी सांगू शकत नाही.

आपल्याकडेही २०२० च्या टाळेबंदीत रिलायन्सने आपल्या तेल-वायू विभागात वर्षाला १५ लाखांपेक्षा कमी पगार असलेल्यांना हात लावला नाही, वरच्यांचे दहा टक्के कापले आणि मुकेश अंबानींनी त्या वर्षीचा पगार घेतला नाही. कापलेलं पुढे परतही केलं.

ताळेबंद

पर्वरीकर, उदाहरण बरोबर आहे, फक्त एक जोड देतो. मोठ्या प्रवर्तकाची, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकाची, खरी मिळकत पगारातून नसते, लाभांशातून असते. पगार सोडणं हे चांगलंच, पण तेवढ्यावर त्याग मोजता येत नाही. कपात चालू आहे तोवर लाभांश वाटायचा नाही, हे कलम करारात हवंच.

अमेरिकेतल्या क्रायस्लर या मोटार कंपनीचंही सांगण्यासारखं आहे. कंपनी बुडायला आली तेव्हा तिचे प्रमुख ली आयाकोका यांनी वर्षाला एक डॉलर पगार घेतला. कामगारांनी पगार सोडला, त्याच्या बदल्यात १९८० मध्ये युनियनचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर संचालक मंडळावर गेले. कंपनीने १९८३ मध्ये सरकारी हमीचं कर्ज मुदतीच्या सात वर्षं आधी फेडलं. इथपर्यंत छान. पण १९८६ साली आयाकोकांची वर्षाची मिळकत दोन कोटी डॉलरच्या वर गेली. संकटातलं बोलणं सुबत्तेत कुणाला आठवत नाही, म्हणून परतफेड आधीच लिहून घ्यायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शिफ्ट बी, हे रविवारी मोठ्याने वाचून दाखवा. बेसिक आणि डीएवर कपात घेऊ नका. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, शेवटच्या पगारावर निघते : बेसिक अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा एखाद्याचे बेसिक-डीए २६,००० आहेत आणि नोकरी २८ वर्षं. ग्रॅच्युइटी ४,२०,०००. कपातीच्या वर्षातच तो निवृत्त झाला तर त्याच्या बेसिक-डीएचे २२,१०० होतात आणि ग्रॅच्युइटी ३,५७,०००. म्हणजे महिन्याची कपात गेली ती गेलीच, वर ६३,००० कायमचे बुडाले. पीएफचा हिस्साही घटतो. त्याऐवजी बिनपगारी रजेचे दिवस ठरवा, नाहीतर पगार पूर्ण दाखवून ठरलेली रक्कम 'देणे बाकी' म्हणून ठेवायला लावा. बाकी असेल तर ती ताळेबंदात कर्ज म्हणून दिसेल. तेव्हा ती विसरणं कंपनीला सोपं जाणार नाही.

मांद्रेची लेक

आमच्याकडे रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायच्या मासेमारीत, वाटा कसा पडतो ते बघा. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, मग ओढणाऱ्यांचे वाटे. जाळ्याच्या मालकाला जास्त मिळतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते, कारण जाळं फाटलं तर खर्च त्याचा. पण मासळी किती आली ती वाळूवर सगळ्यांच्या समोर पडलेली असते. एक बांगडाही लपत नाही. आणि जाळं रिकामं आलं त्या दिवशी मालकाच्या घरीही वाटा जात नाही.

शिफ्ट बी, तुमच्या साहेबांना जास्त मिळावं की नाही हा मुद्दा बाजूला ठेवा. मासळी वाळूवर आणा म्हणावं.

एचआरवाली

ग्रॅच्युइटीचा मुद्दा मी स्वतः आमच्या बैठकीत मांडेन, आमच्याकडेही निवृत्तीला आलेले बरेच आहेत. ताळेबंद, धन्यवाद. आणि शिफ्ट बी, तुमच्या फिटरबद्दलचं मनाला लागलं. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे आधी जातात, हे आत बसून पाहिलेलं आहे.

बार्देसची वकील

थोडं कायद्याचं. पगारात बदल करायचा तर कंपनीला कामगारांना नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस थांबावं लागतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९-अ सगळ्यांना माहीत आहे, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. तुमच्या नोटिशीवर तारीख आणि सही आहे का, ती कोणत्या कलमाखाली आहे, ते आधी तपासा. बऱ्याचदा साधं परिपत्रक लावतात आणि लोक हीच नोटीस समजून बसतात. कुणी कोऱ्या संमतिपत्रावर एकेकट्याची सही मागितली तर देऊ नका, युनियनशी बोला म्हणावं.

करार करायचाच तर पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात जाऊन कामगार खात्याच्या सलोखा अधिकाऱ्यासमोर करा. आपापसात केलेला करार फक्त त्यात सामील असलेल्यांना बांधतो. सलोख्यातून झालेला करार युनियनमध्ये नसलेल्या कामगारांनाही लागू होतो, नंतर कंपनीला फाटे फोडता येत नाहीत.

करारात मुदत घाला, 'परिस्थिती सुधारेपर्यंत' असले शब्द नकोत. मुदतीत कुणाला कामावरून कमी करणार नाही, हे कलम घाला. दर तीन महिन्यांनी विक्री, खर्च आणि थकबाकीचे आकडे युनियनच्या दोन प्रतिनिधींना दाखवायचे, हेही. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग ही मागणी कुठून बाहेरून आणलेली नाही, राज्यघटनेत ४३-अ म्हणून १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेली आहे. ते मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यावर कोर्टात जाता येत नाही, पण टेबलावर ठेवता येतं.

कळंगुटचा कॅप्टन

हॉटेलवाला. २०२० ला सगळं बंद झालं तेव्हा आमच्या मालकाने पहिल्याच आठवड्यात स्टाफला बोलावून बँकेत किती शिल्लक आहे ते सांगितलं. माझं स्वतःचं घेणं आजपासून बंद, जनरल मॅनेजर निम्मा, तुम्ही तीन महिने साठ टक्के, त्यापुढे मला शब्द देता येत नाही, असं स्पष्ट बोलले. ओडिशा-झारखंडची पोरं हॉटेलातच राहिली, मेस चालू ठेवली. मॅनेजर त्यांच्याच पंगतीला शीतकडी जेवायचे. पुढे धंदा सुरू झाल्यावर जास्त पगाराची बोलावणी आली तरी आमच्यातले फारसे कुणी गेले नाहीत. मालक आकडे सांगतो एवढ्यावरच निम्मा राग जातो, हे मी अनुभवलेलं आहे.

दुसऱ्या गेटवरून

मी पण वेर्ण्यातच. तुमच्याच कंपनीत असेन किंवा नसेन, काही फरक पडत नाही. मी कंत्राटी.

सगळं वाचलं. सगळं बरोबर आहे. पण तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये 'बाकी कंत्राटी' एवढे दोनच शब्द आमच्यावर आहेत. गिऱ्हाइकं गेली तेव्हा पहिल्याच महिन्यात आमच्यातले किती तरी जण थांबवले गेले. नोटीस नाही, २१ दिवस नाहीत, ग्रॅच्युइटीचा हिशेब नाही. ठेकेदाराचा फोन आला, उद्यापासून येऊ नको. तेव्हा कायमवाल्यांची जनरल बॉडी भरली नव्हती. मशीन तेच, शिफ्ट तीच, तुमचा हातरुमाल पडला तर उचलून देणारे आम्हीच. वरच्यांनी आकडा सांगावा हे तुमचं मागणं योग्य आहे. पण मी खाली उभा राहून वर बघतो तेव्हा मला आधी तुम्ही दिसता.

सांखळीचा टिप्परवाला

बाबा, खरं बोललास. खाणीवरही आधी रोजंदारीवालाच गेला.

बार्देसची वकील

कायद्याने मुख्य कंपनीची जबाबदारी पूर्ण सुटत नाही. कंत्राटी कामगार कायदा १९७० प्रमाणे ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मुख्य कंपनीला द्यावा लागतो, नव्या कामगार संहितांनीही ती जबाबदारी काढलेली नाही. थांबवलेल्यांचा कुणाचा पगार अडकला असेल तर तो आधी वसूल करा. आणि काम पुन्हा वाढलं की नवीन पोरं घेण्याआधी याच लोकांना बोलवावं, हे कायम कामगारांच्या करारात कलम म्हणून घालता येतं. त्याला अडथळा नाही, फक्त कुणी तरी मागावं लागतं.

शिफ्ट बी

दुसऱ्या गेटवरून, तुम्ही लिहिलंत त्याला उत्तर शब्दात देऊन भागणार नाही. आज दुपारी आमच्या सेक्रेटरींशी बोललो. मसुदा असा ठरतोय :

२५,००० च्या खाली हातात येणाऱ्या कुणाचीही कपात नाही. त्याच्या वर चढती टक्केवारी, संचालकांची निदान ५० टक्के, आणि त्यात भाडं, व्याज, कमिशन सगळं धरायचं. बेसिक-डीएला हात नाही, रक्कम देणे बाकी म्हणून ताळेबंदात. मुदत बारा महिने, लाभांश बंद, कामावरून कमी करणं बंद, तिमाही आकडे युनियनला. थांबवलेल्या कंत्राटींची नावं आणि थकलेला पगार यांची यादी कराराला जोडायची, काम वाढलं की बोलावणं त्याच यादीतून.

शेवटच्या कलमावर आमच्यातच वाद आहे. काही जण म्हणतात, आपलंच पदरात पडेल की नाही ठाऊक नाही, दुसऱ्यांचं कशाला ओढा. मी रविवारी त्यावर बोलणार आहे. ती यादी करायला मला नावं लागतील, ठेकेदाराकडून मिळणार नाहीत. तुमच्याकडे असतील तर मला व्यनि (खासगी निरोप) करा, इथे उघड लिहू नका.

दुसऱ्या गेटवरून

व्यनि केला आहे. सगळी नावं नाहीत, काही जण गावाला गेले, त्यांचे फोन लागत नाहीत. संध्याकाळपर्यंत आणखी मिळतील.